उठलेली जत्रा आणि उरलेले पाळणे

अमरावतीहून परतवाड्याच्या रस्त्याला लागले म्हणजे थोड्याच वेळात वलगाव येते. गावाजवळून पेढी नदी वाहते. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येत असता याच नदीच्या पुलाजवळ संत गाडगेबाबांनी देह ठेवला, म्हणून वऱ्हाडात वलगावाचे नाव आदराने घेतले जाते. हाच रस्ता पुढे परतवाड्यावरून बैतुलच्या दिशेने जातो आणि सातपुड्याच्या पायथ्याशी बहिरमास पोहोचतो. बहिरमची यात्रा ठाऊक नाही असा वऱ्हाडी माणूस विरळा. डिसेंबरच्या उत्तरार्धात तेथे पाले पडतात, राहुट्या उभ्या राहतात, चुली पेटतात, हंड्या चढतात, रोडग्यांचा खमंग वास सुटतो, आणि या सर्वांच्या माथ्यावर रहाटपाळणा फिरू लागतो. जानेवारी सरतो आणि यात्राही सरते. पाळणेवाला आपल्या पाळण्याचे खिळे काढतो, लोखंडी दांड्या गाडीवर रचतो व पुढच्या गावाची वाट धरतो. मागे उरते ते मोकळे मैदान, चुलींची राख आणि बैलगाड्यांच्या चाकोऱ्या. पहिल्या पावसात तेही पुसले जाते.

आज मी आपणांशी ज्या विषयावर बोलणार आहे तो या मोकळ्या मैदानाच्या अगदी उलट टोकाचा आहे. मोठमोठी करमणुकीची उद्याने बंद पडतात, त्यांचे पाळणे कोणी उतरवीत नाही, आणि मग त्या ओसाड आवारात कुंपण ओलांडून काही तरुण शिरतात व चित्रफिती काढून त्या जगभर दाखवितात. हा प्रकार कोठून आला, त्याचे परिणाम काय झाले आणि ते कोणास भोगावे लागले, याचा थोडासा इतिहास पाहावयाचा आहे. प्रथमदर्शनी हा विषय हलकाफुलका वाटेल. परंतु यात माणसांचे जीव गुंतलेले आहेत, आणि विशेषेकरून लहान मुलांचे.

जत्रा एके ठिकाणी कायमची बांधून ठेवावी ही कल्पना मूळची युरोपातील. डेन्मार्कच्या राजधानीजवळचे बाकेन नावाचे क्रीडावन आपला आरंभ १५८३ पासून सांगते. त्याच नगरीतील तिवोली हे उद्यान १८४३ मध्ये उघडले आणि ते आजही चालू आहे. अमेरिकेत १८९३ साली शिकागोच्या प्रदर्शनात जॉर्ज फेरिस या अभियंत्याने २६४ फूट उंचीचे लोखंडी चक्र उभारले. त्याचेच नाव पुढे पाश्चात्य रहाटपाळण्यास मिळाले. या चक्राचा शेवट ध्यानात ठेवण्याजोगा आहे. प्रदर्शन संपले, काही वर्षे ते शिकागोतच फिरले, पुढे १९०४ च्या प्रदर्शनासाठी सेंट लुईस येथे नेले गेले, आणि उपयोग सरल्यावर १९०६ मध्ये सुरुंग लावून ते रीतसर पाडण्यात आले. ज्यांनी ते उभारले त्यांच्या पिढीनेच ते उतरविले.

पुढे मात्र ही रीत राहिली नाही. न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंड येथे एकाच समुद्रकिनाऱ्यावर तीन मोठी उद्याने झाली. त्यांतील ड्रीमलँड १९११ मध्ये जळाले, लूना पार्क १९४४ च्या आगीनंतर संपले आणि स्टीपलचेस १९६४ मध्ये बंद पडले. त्याच किनाऱ्यावर थंडरबोल्ट नावाची लाकडी घसरगाडी होती. ती १९८२ मध्ये थांबली, परंतु तिचा सांगाडा २००० साली पाडला जाईपर्यंत, म्हणजे तब्बल अठरा वर्षे, गवतात उभा होता. बंद पडणे आणि नाहीसे होणे यांच्यामध्ये जी ही पोकळ वर्षे उरतात, त्या पोकळीतच आपली आजची कथा घडते.

आपल्या देशातही ही कायमची जत्रा आली. दिल्लीचे अप्पूघर नोव्हेंबर १९८४ मध्ये उघडले आणि फेब्रुवारी २००८ मध्ये बंद झाले. मुंबईजवळ गोराई येथे १९८९ साली एस्सेलवर्ल्ड सुरू झाले. खाडीतून होडीने तेथे जाणे हा महाराष्ट्रातील एका अख्ख्या पिढीच्या बालपणीचा सोहळा होता. वऱ्हाडातून मुंबईस गेलेली कुटुंबेसुद्धा राणीच्या बागेनंतर गोराईचाच बेत करीत. २०२२ मध्ये ते उद्यान बंद झाले. बालपण ज्या पाळण्यात झुलले तो पाळणा थांबला, म्हणजे मनुष्यास चुटपुट लागणे स्वाभाविक आहे. “आता तेथे काय असेल?” हा प्रश्न निष्पाप आहे. कुंपणाशी प्रथम हा प्रश्नच जाऊन उभा राहतो. कॅमेरा त्याच्या मागून येतो.

श्रोतेहो, ओसाड जागेत चोरून शिरणे ही काही नवी विद्या नव्हे. आपल्या वऱ्हाडात गावोगावी पडक्या गढ्या आहेत. देशमुख-पाटलांचे वैभव ओसरले, वाडे ढासळले, आणि लगोलग गुप्तधनाच्या गोष्टी सुरू झाल्या. कोणास स्वप्नात हंडा दिसला, कोणास नागाचा पहारा दिसला. मग अमावास्येच्या रात्री कुदळी घेऊन माणसे गढीत शिरावयाची. धन क्वचितच कोणास लाभले असेल. परंतु भिंतींचे पाये मात्र पोखरले गेले, आणि पोखरलेली भिंत पुढच्या पावसाळ्यात दुसऱ्याच कोणाच्या अंगावर यावयाची. इंग्रजी अमलात १८७८ साली गुप्तधनाचा कायदा झाला व दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन सापडल्यास कलेक्टरास कळविणे बंधनकारक ठरले. महाराष्ट्राने २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला, त्यातही गुप्तधनाच्या शोधापायी होणाऱ्या अघोरी कृत्यांची दखल घ्यावी लागली. लोभ इतका जुना आणि इतका चिवट आहे.

आजचा चित्रफितवाला हा त्या गुप्तधन शोधणाऱ्याचाच वंशज म्हटला पाहिजे. त्याची कुदळ म्हणजे हातातला मोबाइल, आणि त्याचा हंडा म्हणजे पाहणाऱ्यांची संख्या. फरक एवढाच की, जुना खणणारा अंधारात येऊन अंधारातच निघून जाई. नवा मात्र आपण कोठून शिरलो, पहारेकरी कोणत्या वेळी नसतो, कुंपण कोठे फाटले आहे, हे सारे उजेडात मांडतो. जुन्याने एक भगदाड पाडले तर ते गावास कळे. नव्याने दाखविलेले भगदाड लाखो लोकांस कळते.

याचे ठळक उदाहरण जपानात घडले. नारा या प्राचीन नगरीत १९६१ साली ड्रीमलँड नावाचे उद्यान उघडले. कॅलिफोर्नियात १९५५ मध्ये झालेल्या डिस्नेलँडची ती उघड उघड नक्कल होती: तसाच किल्ला, तशीच आगगाडी, तशीच मुख्य पेठ. पुढे १९८३ मध्ये तोकियोजवळ खरे डिस्नेलँड आले व २००१ मध्ये शेजारच्या ओसाकात आणखी एक भव्य उद्यान निघाले. नाराची गर्दी आटली आणि ३१ ऑगस्ट २००६ रोजी त्याचे दार लागले. जपान्यांत ओसाड वास्तू हिंडून पाहण्याचा छंद आहे; तिला ते ‘हाइक्यो’ म्हणतात. घसरगाडीच्या लाकडी सांगाड्यावर वेली चढल्या होत्या, तिकिटांच्या खिडक्या उघड्याच होत्या, आणि ही दृश्ये इतकी मोहक होती की, देशोदेशींचे लोक पहाटेच्या अंधारात कुंपण चढून जाऊ लागले. आरंभी जे आले त्यांनी केवळ पाहिले. त्यांची चित्रे पाहून जे आले त्यांच्यातील काहींनी काचा फोडल्या, भिंती रंगविल्या, वस्तू उचलल्या. २०१५ मध्ये करथकबाकीपायी ती जागा लिलावात विकली गेली आणि २०१६ ते २०१७ या काळात उद्यान साफ पाडण्यात आले.

अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सचे उद्यान याहून दुर्दैवी. ऑगस्ट २००५ मध्ये कतरिना वादळाच्या भयाने ते बंद करण्यात आले आणि मागोमाग आलेल्या महापुरात ते कित्येक दिवस खाऱ्या पाण्याखाली राहिले. पुन्हा ते उघडलेच नाही. खाऱ्या पाण्याने लोखंड आतून कुरतडले गेले होते. पाणथळ भूमीत साप आणि सुसरीच्या जातीचे प्राणी येऊन राहिले. तरीही त्या गंजलेल्या उंच सांगाड्यांवर चढून चित्रे घेणारे थांबले नाहीत. पोलिसांनी धरपकड केली, दंड केले, पहारे ठेवले. त्या सर्व पहाऱ्याचा भार अर्थातच करदात्या नगरवासीयांवर पडला, आणि तोही ज्यांची स्वतःची घरे त्याच पुरात गेली होती अशांवर. जवळजवळ वीस वर्षांनी, २०२४ मध्ये, तेथे पाडकामास आरंभ झाला.

फ्लोरिडातील डिस्ने कंपनीचे एक लहानसे बेट १९९९ पासून बंद आहे. तेथे चोरून जाऊन चित्रफीत प्रसिद्ध करणाऱ्यांवर कंपनीने आपल्या सर्व उद्यानांत आजन्म प्रवेशबंदी घातल्याचे दाखले आहेत. यातील मौज पाहा. जगातील कोणत्याही चोराने आजवर स्वतःच्या चोरीचा पंचनामा स्वतः लिहून, खाली सही करून, चावडीवर लावला नव्हता. या मंडळींनी नेमके तेच केले. साक्षीदार शोधावा लागला नाही. आरोपीनेच साक्ष दिली होती.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. आपल्याकडे १८६० च्या दंडसंहितेत ४४१ व्या कलमाने अपराधी अतिक्रमणाची व्याख्या केली होती, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३२९ व्या कलमात तीच व्याख्या थोड्याफार फरकाने चालू आहे. दुसऱ्याच्या ताब्यातील जागेत अपराध करण्याच्या, अथवा ताबेदारास धमकावण्याच्या, अपमानिण्याच्या वा त्रास देण्याच्या हेतूने शिरणे म्हणजे अपराधी अतिक्रमण. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पूर्वीच्या पाचशेऐवजी आता पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. इमारतीत शिरल्यास कैद एक वर्षापर्यंत. यात ‘हेतू’ हा शब्द कळीचा आहे. “आम्ही काही चोरावयास आलो नव्हतो, केवळ पाहावयास आलो,” असे बचावाचे वाक्य प्रत्येक कुंपण ओलांडणाऱ्याच्या ओठावर असते, आणि हेतू सिद्ध करणे अवघड असते, हेही खरे. परंतु दंडसंहितेच्या कचाट्यातून सुटलेला मनुष्य गंजलेल्या जिन्याच्या कचाट्यातून सुटतोच असे नाही. लोखंड हेतू विचारीत नाही.

याहून महत्त्वाचा प्रश्न निराळा आहे. चोरून शिरलेल्यास इजा झाली तर मालकाचे काही उत्तरदायित्व आहे काय? ज्या इंग्रजी न्यायपरंपरेतून आपल्या न्यायालयांनी पुष्कळ तत्त्वे उचलली, तिच्यातील दोन निवाडे येथे सांगतो. स्कॉटलंडमधील एका कोळसाखाणीच्या आवारातील ओढचाकात सापडून चार वर्षांचे एक मूल मेले. कुंपण नावापुरतेच होते. मुले तेथे नित्य खेळत. लॉर्डसभेने १९२९ साली निर्णय दिला की, मूल अनधिकाराने शिरले होते, सबब मालक जबाबदार नाही. त्रेचाळीस वर्षांनी, १९७२ मध्ये, त्याच सभेपुढे दुसरे मूल आले. सहा वर्षांचा एक मुलगा रेल्वेच्या मोडक्या कुंपणातून विजेच्या रुळांवर गेला व भाजला. कुंपण मोडल्याचे व मुले त्यातून ये-जा करीत असल्याचे रेल्वेच्या अधिकाऱ्यास आधी कळविण्यात आले होते. या वेळी लॉर्डसभेने जुनी भूमिका सोडली व सांगितले की, अनधिकाराने येणाऱ्याविषयीही मालकाने सामान्य माणुसकीचे वर्तन ठेवले पाहिजे. पुढे १९८४ मध्ये इंग्लंडात तसा कायदाच झाला.

एका चाकापासून दुसऱ्या रुळापर्यंत न्यायबुद्धीस त्रेचाळीस वर्षे लागली. दोन्ही वेळी किंमत मोजली ती मुलांनी. म्हणूनच मी आरंभी म्हणालो की, हा विषय हलका नव्हे. चित्रफीत काढणारा तरुण निदान पायांत जाड जोडे घालून, सोबती घेऊन, आदल्या दिवशी टेहळणी करून जातो. त्याची चित्रफीत पाहून जे दहा-बारा वर्षांचे पोर सायकलवर तेथे पोहोचते, त्याच्या पायांत चपला असतात आणि मनात फक्त पाहिलेले दृश्य. चित्रफितीत कापून टाकलेला भाग, म्हणजे निसटलेला पाय, कुजलेली फळी, धापा टाकणारा सोबती, हे त्याने पाहिलेलेच नसते. साहसाची नक्कल होते, सावधगिरीची होत नाही. दुसरा भोगणारा म्हणजे फाटकावरचा पहारेकरी. रात्री शंभर एकरांच्या आवारात एक बॅटरी घेऊन फिरणाऱ्या त्या गरीब मनुष्याची थट्टा चित्रफितीत होते, आणि सकाळी जाब विचारला जातो तोही त्यालाच.

चित्राच्या मोहाने जिवाशी खेळ होतो तो आपल्या अंगणातही झाला आहे. जुलै २०१७ मध्ये नागपूरजवळच्या वेणा जलाशयात नौकाविहार करताना मोबाइलवरून थेट दृश्य दाखविणाऱ्या तरुणांची नाव उलटली व त्यांतील बहुतेकांस जलसमाधी मिळाली. जुलै २०२४ मध्ये रायगड जिल्ह्यातील कुंभे धबधब्याजवळ चित्रण करीत असता एक तरुणी खोल दरीत कोसळून मरण पावली. या जागा बंद उद्याने नव्हत्या. परंतु डोळा भोवतालच्या धोक्यावर न राहता चौकटीवर राहिला की काय होते, ते या दोन्ही घटनांनी पुरते दाखविले.

मग या जागा पाहूच नयेत काय? असे मी म्हणणार नाही. ओसाड वास्तूकडे माणसाचे मन ओढ घेते, आणि त्या ओढीतूनच इतिहासाची गोडी जन्मते. चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडावर आपण कशासाठी जातो? १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने तो घेतला, त्यानंतर तेथे राज्य असे नांदले नाही. पडकी मशीद, सुकलेली तळी, जंगलात दडलेले दरवाजे आणि एकाकी तोफा पाहून मन भरून येते, ते काही लोभाने नव्हे. परंतु गाविलगड संरक्षित स्मारक आहे. प्राचीन स्मारकांचा कायदा १९५८ साली झाला आणि २०१० च्या दुरुस्तीने स्मारकाची नासधूस करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड ठरला. तेथे वाट आहे, फलक आहे, राखणदार आहे. ओसाडीसही कोणी धनी असला म्हणजे पाहणारा चोर ठरत नाही, पाहुणा ठरतो.

बर्लिन नगरीने हाच मार्ग धरला. तेथे स्प्रे नदीकाठी पूर्व जर्मनीच्या राजवटीत १९६९ मध्ये एक लोकोद्यान उघडले होते. दोन्ही जर्मनी एक झाल्यावर ते खासगी हाती गेले, दिवाळे वाजले, आणि २००१ नंतर त्याचा रहाटपाळणा वाऱ्याने आपोआप करकरत उभा राहिला. तेथेही कुंपणे तुटली. २०१४ च्या ऑगस्टमध्ये मोठी आग लागून बराच भाग जळाला. त्याच वर्षी बर्लिनने त्या जागेचा ताबा परत घेतला. पुढे नगरीने काय केले? वाटाड्यासह फेऱ्या ठेवल्या, लोकांस त्या स्थळाचा इतिहास सांगितला, आणि २०२१ मध्ये तो रहाटपाळणा दुरुस्तीसाठी खाली उतरविला. जी उत्सुकता कुंपण चढत होती तिला दारातून आत घेतले. पहारा वाढविण्यापेक्षा हा उपाय शहाणपणाचा, कारण तो मालकासही कामास लावतो.

माझ्या मते सगळ्या गोष्टीचे मर्म येथेच आहे. चित्रफीत काढणाऱ्या पोरांस बोल लावणे सोपे आहे, आणि त्यांना तो लागलाही पाहिजे. दुसऱ्याच्या मुलास मृत्यूची वाट दाखविण्याचा अधिकार कोणासही नाही. परंतु ज्याने पाळणा उभारून त्यावर पैसा मिळविला आणि पैसा आटताच दाराला कुलूप लावून जो निघून गेला, त्याचा अपराध त्याहून जुना आहे. उद्यानास परवाना देताना ते कसे चालवावे याचे नियम असतात. ते कसे आवरावे याचाही तितकाच काटेकोर नियम हवा. इतक्या दिवसांत वीज तोडावी, इतक्या दिवसांत उंच सांगाडे उतरवावे, तोवर कुंपणाची जबाबदारी धन्याची, आणि या खर्चाची अनामत परवान्याच्या वेळीच सरकारजमा. बहिरमचा पाळणेवाला हे सारे कोणी न सांगता करतो. त्याचा पाळणा हीच त्याची पोटगी असल्यामुळे तो ती मागे टाकून जातच नाही.

आणि म्हणूनच शेवटी पुन्हा वलगावच्या पुलाशी यावेसे वाटते. गाडगेबाबा जत्रांत जात. बहिरमच्या यात्रेत त्यांनी पशुबळीविरुद्ध कीर्तने केली. पंढरीस जाऊन ते देवळाच्या पायऱ्या चढण्याऐवजी वाळवंट झाडीत बसत. लोक देव पाहून परतत, बाबा लोकांनी मागे टाकलेले उचलीत. जत्रा ही भरविणाऱ्याचीही असते आणि पाहणाऱ्याचीही. तिची शोभा मात्र ती उठल्यानंतरच्या मैदानावरून ठरते, हे त्या खराट्याने आपणांस शिकविले.

पुढच्या डिसेंबरात आपण बहिरमास जाल. रहाटपाळण्यात बसाल, मुलांस बसवाल, हौसेने त्यांची चित्रेही घ्याल, अवश्य घ्यावी. मात्र यात्रा उठल्यावर, फेब्रुवारीत एखादे दिवशी, त्याच वाटेने जाणे झाले तर क्षणभर थांबून ते मोकळे मैदान मुलांस दाखवावे आणि सांगावे की, येथे पाळणा होता. तो कोणी मोडला नाही, कोणी चोरला नाही. ज्याचा होता त्याने तो आवरून नेला.